प्रवेश अर्जावरची सही

गेल्या दिवाळीत माझी धाकटी नणंद ब्रिस्बेनहून चार वर्षांनी घरी आली. पाडव्याच्या दुपारी सगळे पुरुष आडवे झाल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात उरलेला फराळ डब्यांत भरत बसलो होतो. गप्पा तिकडच्या महागाईच्या, इकडच्या लग्नांच्या चालल्या होत्या. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "वहिनी, तू लोकांच्या घरची भांडणं सोडवतेस, म्हणून तुला विचारते. मी एका कागदावर सही केली होती. चुकलं का गं माझं?"

मला वाटलं, घराच्या कर्जाचं काहीतरी असणार. पण कागद निघाला तो लेकीच्या शाळेचा.

माझी भाची तिथे एका ख्रिश्चन शाळेत शिकली. आपली मराठी माणसं हिंदू असूनही मुलांना अशा शाळेत का घालतात, हे तुम्हाला सांगायला नको. शिस्त असते, गणवेश असतो, अभ्यास करून घेतात. इथे आपण कॉन्व्हेंटसमोर रांगा लावतोच की! शाळेत प्रार्थना असते, बायबलचा तास असतो. नणंदेला त्याचं काही वाटलं नाही. "देव तो देवच," असं माझ्या सासूबाई म्हणायच्या, तेच तीही म्हणाली.

प्रवेशाच्या वेळी शाळेने कागदांचा गठ्ठा दिला. फी, सहल, औषधं, फोटो काढायची परवानगी आणि शाळेच्या श्रद्धांविषयी दोन पानं. आपण बँकेत खातं उघडताना करतो तसंच तिनं केलं. जिथे जिथे फुली होती तिथे तिथे सही ठोकली.

मग २०२२ चा जानेवारी उजाडला. तिच्याच शहरातल्या सिटीपॉइंट ख्रिश्चन कॉलेज या शाळेचं नाव देशभर गाजायला लागलं. नाव कॉलेज असलं तरी ती शाळाच. नवं वर्ष सुरू व्हायला काही दिवस उरले असताना या शाळेने पालकांना प्रवेशाचा नवा करार पाठवला. समलिंगी संबंध हे पाप आहे आणि देवाला अमान्य आहे, असं त्यात लिहिलं होतं. ज्या यादीत ते लिहिलं होतं, त्याच यादीत लहान मुलांवरचे अत्याचार आणि जनावरांशी केलेले चाळेही होते. शिवाय मुलगा की मुलगी हे जन्माच्या वेळच्या शरीरावरूनच ठरेल, शाळा दुसरं काही मानणार नाही, असंही कलम होतं. पालकांनी सही करायची, तर मूल शाळेत.

शाळेचे माजी विद्यार्थी चिडले, पालक चिडले. विरोधाच्या अर्जावर दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला शाळेने करार मागे घेतला. मुख्याध्यापक आधी रजेवर गेले आणि पुढे त्यांनी पद सोडलं.

ही बातमी घरात टीव्हीवर चालू असताना भाची आईला म्हणाली, "मम्मा, आपल्या शाळेच्या फॉर्मवर काय लिहिलंय? तू वाचलंस का?"

नणंदेने फाईल काढली. तिच्या शाळेची भाषा पुष्कळ गोड होती. पाप वगैरे शब्द नव्हते. विवाह म्हणजे एक स्त्री आणि एक पुरुष यांचं पवित्र बंधन, कुटुंबाने या मूल्यांना साथ द्यावी, याविरुद्ध वागणाऱ्या विद्यार्थ्याबद्दल शाळा योग्य तो निर्णय घेईल. खाली नणंदेची सही.

भाची वाचून गप्प झाली. तिची एक मैत्रीण होती, पहिलीपासूनची, एका बाकावर बसणारी. आपल्याला मुलीच आवडतात, हे त्या मुलीने फक्त हिलाच सांगितलं होतं. थोड्या वेळाने भाची आईला एवढंच म्हणाली, "म्हणजे तिला शाळेतून काढायला तू सही दिलीस."

"वहिनी, ते वाक्य माझ्या काळजाला लागलं," नणंद म्हणाली. "मी तर फक्त फुली बघून सही केली होती."

शाळेने त्या मुलीला काढलं नाही. कुणी काही बोललंसुद्धा नाही. पण वर्ष संपल्यावर ती मुलगी आपणहून सरकारी शाळेत गेली. का गेली, हे कुणी विचारलं नाही. मला यातलं हेच जास्त बोचलं. काढून टाकायची वेळच येत नाही. कागद तसा असला की मूल स्वतःच दप्तर उचलतं.

दुपारी चहाला आमचे हे उठले. बहिणीची हकिगत ऐकून म्हणाले, "यात एवढं काय आहे? त्यांची शाळा, त्यांचा धर्म. पटत नसेल तर दुसरी शाळा बघायची. कुणी बळजबरी केली होती का?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. उद्या एखाद्या वारकरी शिक्षण संस्थेला कुणी सांगितलं, की तुमच्या वसतिगृहात मांसाहार चालू करा, तर आपल्याला ते रुचेल का? मदरशाने, गुरुकुलाने, मिशनच्या शाळेने आपापल्या श्रद्धेनुसार शिकवावं, हा हक्क खराच आहे. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षण संस्था काढायचा आणि चालवायचा अधिकार दिला आहे, तो उगाच नाही. तिथले ख्रिश्चन पालकही हेच म्हणतात. आमच्या मुलांवर आमच्या धर्माचे संस्कार व्हावेत म्हणून आम्ही ही शाळा निवडली. शिकवणारे शिक्षकच तो धर्म मानत नसतील, तर मुलांनी काय घ्यायचं?

मी बी.ए. मराठी. कायद्याची पदवीधर नाही. पण आमच्या समुपदेशन केंद्रात वकीलबाई येतात, त्यांना विचारून आणि रात्री जागून वाचून मी हे प्रकरण समजून घेतलं.

ऑस्ट्रेलियात १९८४ साली एक चांगला कायदा झाला. बाई म्हणून, लग्न झालं म्हणून किंवा नाही झालं म्हणून, गरोदर आहे म्हणून कुणाला नोकरीत वा शिक्षणात डावलायचं नाही. पण त्यात धर्मसंस्थांच्या शाळांना एक सवलत दिली होती. आपल्या अनुयायांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून, प्रामाणिक हेतूने, शाळा असा भेदभाव करू शकते. २०१३ मध्ये समलिंगी आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींनाही त्या कायद्याचं संरक्षण मिळालं. पण शाळांची सवलत तशीच राहिली आणि आता तिच्यात हेही लोक आले.

ती यादी पुन्हा एकदा वाचा. समलिंगी माणसांच्या जोडीला त्यात लग्नाशिवाय एकत्र राहणारी बाई आहे आणि लग्नाआधी दिवस गेलेली शिक्षिकाही आहे. "आपला काय संबंध," असं म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी इथे जरा थांबावं. माणसाच्या खासगी आयुष्यावरून त्याची नोकरी ठरवायची मुभा एकदा दिली, की तिचा पहिला फटका नेहमी बाईला बसतो.

२०१७ मध्ये तिथे टपालाने जनमत घेतलं गेलं. ६१.६ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाला होकार दिला आणि त्याच वर्षी तसा कायदा झाला. पुढच्याच वर्षी लोकांना कळलं, की लग्न करायला मुभा आहे, पण धार्मिक शाळा मात्र समलिंगी मुलाला काढू शकते. पुष्कळांना ही सवलत मुळात माहीतच नव्हती. त्या वेळच्या पंतप्रधानांनी मुलांपुरती ती काढायचं आश्वासन दिलं. ते लांबतच गेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये, सिटीपॉइंटचं प्रकरण ताजं असताना, संसदेत पहाटेपर्यंत चर्चा झाली. सत्ताधारी पक्षाच्याच पाच खासदारांनी पक्षाचं न ऐकता, सगळ्या विद्यार्थ्यांना संरक्षण द्यावं असं मत दिलं. कनिष्ठ सभागृहात ते मंजूर झालं, तर सरकारने आपलं धर्मस्वातंत्र्याचं विधेयकच बाजूला ठेवलं. नंतर सरकार बदललं. तिथल्या विधी आयोगाने अभ्यास करून ही सवलत काढून टाकावी असं सुचवलं. तो अहवाल मार्च २०२४ मध्ये संसदेपुढे आला. विरोधी पक्षाची साथ नसेल तर पुढे जायचं नाही, असं पंतप्रधानांनी ठरवलं आणि विषय पुन्हा बाजूला पडला.

शिक्षकांचं तर आणखी अवघड. स्टेफ लेंट्झ या सिडनीतल्या एका ख्रिश्चन शाळेत इंग्रजी शिकवायच्या. त्या स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन. आपण समलिंगी आहोत, हे त्यांनी शाळेला प्रामाणिकपणे सांगितलं. माणूस समलिंगी असूनही देवाचा असू शकतो, अशी त्यांची श्रद्धा. शाळेची श्रद्धा वेगळी. २०२१ च्या सुरुवातीला त्यांची नोकरी गेली आणि कायद्याने ते बेकायदा नव्हतं. त्यांच्या शिकवण्याबद्दल तक्रार नव्हती. खोटं बोलल्या असत्या तर नोकरी राहिली असती. जी शाळा मुलांना खरं बोलायला शिकवते, तिथे खरं बोलल्याची ही शिक्षा.

यांच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं? मी तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, शाळा पालक निवडतात, मूल निवडत नाही. सहा वर्षांच्या पोरीला आपण शाळेत घालतो, तेव्हा पुढे तिला कोण आवडेल हे ना तिला माहीत असतं, ना आपल्याला. चौदाव्या-पंधराव्या वर्षी तिला ते कळतं, तेव्हा तिचं सगळं जग त्याच शाळेत असतं. बाक, मैत्रिणी, आवडत्या बाई, सगळं. 'दुसरी शाळा बघा' हे मोठ्यांना सोपं वाटतं.

दुसरी, पैसा. ऑस्ट्रेलियात तीनातलं एकाहून जास्त मूल खासगी शाळेत जातं आणि त्यातल्या बहुतेक शाळा कुठल्या ना कुठल्या धर्मसंस्थेच्या आहेत. त्यांना सरकार भरपूर अनुदान देतं. तो पैसा सगळ्यांच्या करातून येतो, समलिंगी माणसांच्याही आणि अशा मुलांच्या आईबापांच्याही. पंगतीचा खर्च सगळ्यांनी उचलायचा आणि पाट मात्र निवडक लोकांनाच, हे कसं?

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत पटली. ती त्याच देशातल्या व्हिक्टोरिया राज्याने करून दाखवली आहे. तिथे जून २०२२ पासून नवा नियम लागू झाला. धर्म शिकवणारा शिक्षक त्या धर्माचा असावा, अशी अट शाळेला घालता येते, कारण त्या कामाची ती गरज आहे. पण गणिताचे सर, ग्रंथपाल, बागेचा माळी यांना त्यांच्या लैंगिकतेवरून, लग्नावरून डावलता येत नाही. विद्यार्थ्यांनाही नाही. टास्मानियात तर १९९८ च्या कायद्यापासून असा भेदभाव करायला बंदी आहे. तिथल्या चर्चच्या शाळा त्यामुळे बंद पडल्या नाहीत. प्रार्थना होते, बायबल शिकवतात, मुलंही येतात. म्हणजे धर्म शिकवायचा हक्क वेगळा आणि माणूस गाळायचा हक्क वेगळा. पहिला राखायला दुसरा लागतोच असं नाही.

हे म्हणाले, "आपल्याकडे असले प्रश्न नाहीत बाबा."

नाहीत कसे? आपल्याकडे तर ते दीडशे वर्षांपासून आहेत. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, तेव्हा ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. धर्मभावना दुखावल्या म्हणून मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकलं. पण कॉलेजने त्यांना ठेवलं. गणिताच्या प्राध्यापकाने कुणाशी लग्न केलं याचा गणिताशी संबंध नाही, एवढं त्या काळच्या पुण्यातल्या त्या संस्थेला कळलं. पुढे त्यांचे चिरंजीव रघुनाथराव मुंबईत मिशनच्या विल्सन कॉलेजात गणितच शिकवत. त्यांनी संततिनियमनाबद्दल उघड बोलायला सुरुवात केली, तर शंभर वर्षांपूर्वी त्यांना ती नोकरी सोडावी लागली. विषय तोच, आडनाव तेच. एका संस्थेने वर्गात काय शिकवतो ते पाहिलं, दुसरीने वर्गाबाहेर काय बोलतो ते पाहिलं. आज आपण 'समाजस्वास्थ्य' काढणाऱ्या रघुनाथरावांना द्रष्टे म्हणतो. पण त्या दिवशी त्यांची नोकरी गेली होती.

आणि आजचं म्हणाल, तर ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. पण खासगी संस्थेने अशा माणसाला नोकरी नाकारली तर काय, यावर आपल्याकडे तसा सरळ कायदा झालेला नाही. राज्यघटनेचं कलम २९ सांगतं, की सरकारी मदत घेणाऱ्या शाळेने धर्म, वंश, जात, भाषा एवढ्याच कारणावरून प्रवेश नाकारू नये. त्या यादीत लैंगिकता नाही. पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा झाला आणि शिक्षणात, नोकरीत भेदभाव करायला त्याने बंदी घातली. तरीही जेन कौशिक या पारलिंगी शिक्षिकेला उत्तर प्रदेशातली आणि गुजरातमधली अशी दोन खासगी शाळांतली कामं गमवावी लागली. त्यासाठी त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना भरपाई द्यायला सांगितली आणि धोरण ठरवायला समिती नेमली. एका बाईला वर्गात उभं राहून शिकवता यावं, एवढ्यासाठी हे सगळं.

इथपर्यंत मी मोठ्या तोऱ्यात बोलत होते. मग नणंदेने विचारलं, "वहिनी, तूसुद्धा होतीस ना शाळेच्या समितीवर?"

हो, होते.

आमच्या तालुक्यात एका देवस्थानाच्या ट्रस्टची विनाअनुदानित शाळा आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यांनी मला समितीवर घेतलं, 'महिला प्रतिनिधी' म्हणून. विज्ञानाच्या शिक्षकाची मुलाखत होती. एक तरुण मुलगा आला. सातवीच्या वर्गावर त्याने पाठ घेतला. एक काचेचा पेला, एक पुठ्ठा आणि पाणी, एवढ्यावर हवेचा दाब शिकवला. मुलं बाकांवर चढून बघत होती. इतका सुंदर पाठ मी आजवर पाहिला नव्हता.

त्याचं बोलणं मऊ होतं, हात हलवायची लकब जरा वेगळी होती. तो बाहेर गेल्यावर एक सदस्य हसले आणि म्हणाले, "हे असलं देवाच्या शाळेत नको. पालक नावं ठेवतील." दुसरे म्हणाले, "मुलं चिडवतील हो, त्याच्याच भल्यासाठी सांगतोय." अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "काय ताई?"

त्याच्याबद्दल आम्हाला काहीसुद्धा माहीत नव्हतं. तो कोण आहे, कसा आहे, कुणी विचारलं नव्हतं आणि विचारायचा अधिकारही नव्हता. हाताच्या एका लकबीवरून चार जणांनी निकाल लावला. मी पाचवी. मी म्हणाले, "बघा, तुम्हाला योग्य वाटेल ते." आणि रजिस्टरवर सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'अनुभव कमी'. ज्याला घेतलं, त्याला त्याच्याहून कमी अनुभव होता.

घरी येऊन मी कांदेपोहे केले, मालिका पाहिली, झोपले. तो मुलगा पुढे कुठे गेला, मला माहीत नाही. तो बाहेर व्हरांड्यात पुठ्ठा आणि पेला पिशवीत भरत होता आणि मी शेजारून जाताना त्याने "नमस्कार मॅडम" म्हटलं होतं, तेवढं आठवतं.

सांगून झाल्यावर आम्ही दोघी गप्प बसलो. तिनं न वाचता सही केली होती. मी सगळं समजून केली होती.

नणंदेने मात्र एक केलं होतं. पुढच्या वर्षी शाळेचे कागद आले, तेव्हा तिनं सोबत पत्र जोडलं. माझी मुलगी इथेच शिकेल, तुमच्या प्रार्थनेचा मला आदर आहे, पण या परिच्छेदाशी मी सहमत नाही आणि कुठल्याही मुलाविरुद्ध माझी सही वापरू नये. शाळेचं नम्र, गुळमुळीत उत्तर आलं. पण पत्राची एक प्रत तिनं लेकीच्या हातात दिली. लेकीने ती त्या मैत्रिणीला दाखवली. भाची आता युनिव्हर्सिटीत आहे. ती मैत्रीण अजून हिच्या घरी येते आणि हिच्या हातची साबुदाण्याची खिचडी मागून खाते.

नणंद परत गेल्यावर मी त्या शाळेच्या अध्यक्षांना भेटले. जुनं उकरून काढायला नाही, ती वेळ गेली. एवढंच म्हणाले, की यापुढे मुलाखतीत ज्याला नाकारू, त्याचं खरं कारण सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून मग रजिस्टरमध्ये लिहायचं. आणि शिक्षक निवडताना पाठाला गुण द्यायचे, चालण्या-बोलण्याला नाही. ते म्हणाले, "ताई, एवढ्या वर्षांनी तुम्हाला आज काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी 'बघू' म्हटलं. पुढच्या बैठकीत मी पुन्हा विचारणार आहे.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी शाळेच्या समितीवर आहे, कुणी शिक्षिका आहे आणि आई तर बहुतेक जणी आहेत. मी कुणाला आपला धर्म सोडायला सांगत नाही. माझ्याही देव्हाऱ्यात रोज दिवा लागतो. फक्त जूनमध्ये मुलांचे प्रवेश अर्ज भराल, तेव्हा फुली दिसली की लगेच पेन टेकवू नका. वरचं वाचा. त्या कागदामुळे कुणाच्या लेकराला दप्तर उचलावं लागणार नाही ना, एवढं बघा आणि मग सही करा.